धड्याचं नाव झाकून गणित करून बघ

तू बारावीत आहेस, रोज अडीच-तीन तास गणित करतोस, पुस्तकातली सगळी उदाहरणं दोनदा सोडवून झालीत, तरी चाचणीत ७०-७५च्या पुढे जात नाहीस. तुला ९५च्या वर जायचंय आणि हातात पाच महिने आहेत. ते कसं जमेल, एवढाच प्रश्न विचारलास, पण जाता जाता एक वाक्य लिहून गेलास: "पेपरात सुचत नाही, आणि घरी येऊन उत्तर बघितलं की वाटतं, अरे, हे तर येत होतं." तुझी खरी अडचण मला त्या वाक्यात दिसते. गणित सोडवायला तुला येतं. समोरचं गणित कशाने सुटेल हे तुझं तुला ठरवता येत नाही. ही दोन निराळी कौशल्यं आहेत आणि तुझा आजवरचा सगळा सराव पहिल्याचाच झालाय.

मी बावीस वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवते आहे. मेहनत करूनही ७५ला अडकलेली मुलं दर वर्षी भेटतात. त्यांना "अजून सराव कर" असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं, कारण बहुतेकांचा सराव पुरेसा असतो, त्याची मांडणी चुकलेली असते.

काही गोष्टी मात्र तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुझी परीक्षा पायऱ्या लिहून दाखवायची आहे की पर्याय निवडायची, यावर शेवटच्या दोन महिन्यांची तयारी बदलते. दुसरी, अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे आठवी ते दहावीचं बीजगणित किती पक्कं आहे. ते तपासायला दहा मिनिटं पुरतात. चलासाठी मी इथे क्ष लिहिते. १/क्ष + १/३ याची बेरीज एका ओळीत येते का? √(क्ष² + ९) म्हणजे क्ष + ३ नव्हे, हे हात न थांबता कळतं का? क्ष² > ९ दिलं तर क्ष > ३ एवढंच लिहून तू पुढे जातोस, की क्ष < −३ सुद्धा आठवतं? क्ष² = ५क्ष यात दोन्ही बाजूंना क्षने भागून फक्त ५ हे उत्तर काढतोस का? तसं केलंस तर शून्य हे मूळ हरवलं. यातल्या दोन-तीन ठिकाणी अडखळलास, तर पुढचं सगळं बाजूला ठेव आणि तीन आठवडे रोज अर्धा तास फक्त हे कर. अपूर्णांक, घातांक, अवयव, असमीकरणं. बारावीची गणितं चुकतात ती पुष्कळदा दहावीच्या ओळीवर. पुढचं सगळं मी तुझा पाया ठीक आहे असं धरून लिहिते.

आता मुख्य मुद्दा. पुस्तकातला कोणताही स्वाध्याय उघड. वर धड्याचं नाव असतं, त्याखाली प्रकाराचं नाव असतं, आणि मग एकाच पद्धतीने सुटणारी वीस गणितं. पहिली दोन सोडवताना तू विचार करतोस. तिसऱ्यापासून हात आपोआप चालतो. म्हणजे वीसपैकी अठरा वेळा "काय करायचं" हे तुला शीर्षकानेच सांगितलेलं असतं, तू फक्त ते पार पाडतोस. परीक्षेत ते शीर्षक नसतं.

इंटिग्रेशनचं उदाहरण घे. चार पदावल्या शेजारी-शेजारी लिही: १/(क्ष² + ४), क्ष/(क्ष² + ४), क्ष²/(क्ष² + ४) आणि १/(क्ष² − ४). दिसायला भावंडं, पण चौघांचे रस्ते वेगळे. पहिल्यात टॅन इन्व्हर्सचं ठरलेलं सूत्र लागतं. दुसऱ्यात अंशस्थानी छेदाच्या डेरिव्हेटिव्हचा निम्मा भाग बसलाय, म्हणून लॉग येतो. तिसऱ्यात अंश आणि छेदाचा घात सारखा आहे, म्हणून आधी भागाकार. अंश क्ष² + ४ − ४ असा लिहिला की काम झालं. चौथ्यात छेदाचे अवयव पडतात, म्हणून आंशिक अपूर्णांक. ही चारही सूत्रं तुला येत असणार. पण ती तू चार वेगवेगळ्या दिवशी, चार वेगवेगळ्या मथळ्यांखाली शिकलास. अंशाकडे आणि मधल्या चिन्हाकडे बघून रस्ता निवडण्याची वेळ तुझ्यावर आलीच नाही. पेपरात ती पहिल्यांदा येते.

याचा एक प्रयोग मी मुलांना आवर्जून सांगते. डग रोहरर आणि केली टेलर या संशोधकांनी २००७ साली तो प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका आकृतीची गणितं सलग सोडवली, दुसऱ्या गटाने तीच गणितं मिसळून सोडवली. सराव चालू असताना सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळवाल्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३वर राहिले. गणितं तेवढीच होती, बदलला होता फक्त क्रम. तुझ्या घरच्या सरावातलं "सगळं येतंय" आणि चाचणीतले ७२ यांच्यामधली दरी मला हीच वाटते.

मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं धडावार प्रश्नसंच काढत असे. मुलांना ते आवडायचे, कारण भराभर सुटायचे. सहामाहीत त्याच मुलांचे चेहरे पडायचे आणि मी त्यांना अभ्यास कमी पडला असं सांगायचे. चूक माझ्या संचांची होती, हे कळायला मला वेळ लागला याचं आजही वाईट वाटतं. आता माझ्या कोणत्याही गृहपाठात दहा गणितं असतील तर चार चालू धड्याची आणि सहा जुन्या धड्यांची असतात, क्रम विस्कटलेला असतो आणि वर नाव काहीच नसतं. हे तुला घरी सहज करता येईल. प्रत्येक धड्यातली पंधरा-वीस चांगली गणितं चिठ्ठ्यांवर उतरव, मागे फक्त पान क्रमांक लिही, आणि सगळ्या धड्यांच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात टाक. रोज आठ-दहा चिठ्ठ्या काढायच्या.

याच डब्यातून आणखी एक व्यायाम कर. माझ्या वर्गात आम्ही त्याला "पहिली ओळ" म्हणतो. वीस चिठ्ठ्या काढायच्या, एकही गणित पूर्ण सोडवायचं नाही. प्रत्येकाची फक्त पहिली ओळ लिहायची आणि शेजारी कारण: मी हेच का केलं, गणितातल्या कोणत्या खुणेवरून ठरवलं. "अंश हा छेदाच्या डेरिव्हेटिव्हचा भाग दिसला म्हणून." "साइन आणि कॉस दोन्हींचा घात सम आहे, म्हणून दुप्पट कोनाचं सूत्र." "'किमान एक' असं आहे म्हणून उलट मोजलं." वीस मिनिटांत होतं. कारण लिहिता आलं नाही तर पहिली ओळ बरोबर असली तरी ते गणित आलं नाही असंच धर.

"किमान एक"वर थोडी थांबते, कारण तिथे हुशार मुलंही फसतात. पाच मुलगे आणि चार मुली यांतून तिघांची समिती निवडायची, किमान एक मुलगी हवी. बरेच जण म्हणतात, आधी एक मुलगी निवडू, ४ प्रकारे, मग उरलेल्या आठांतून कोणीही दोघं, २८ प्रकारे, उत्तर ११२. ऐकायला अगदी पटतं. पण नऊ जणांतून तिघं निवडायचे एकूण प्रकारच ८४ आहेत! अट घातल्यावर प्रकार वाढतील कसे? दोन मुली असलेली समिती दोनदा आणि तीन मुली असलेली तीनदा मोजली गेली. एकही मुलगी नाही अशा समित्या १०, म्हणून उत्तर ८४ − १० = ७४. मी हे मुद्दाम चुकीच्या वाटेने सांगितलं. चूक कुठे आणि का झाली हे ज्याने एकदा नीट पाहिलं, तो "किमान एक" वाचताच सावध होतो. नुसतं बरोबर उत्तर वाचणाऱ्याला ही सावधगिरी मिळत नाही.

सोडवलेली उदाहरणं वाचण्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुझा बराच वेळ तिथे जात असावा असं वाटतं. वाचणं वाईट नाही. धडा अगदी नवा असतो तेव्हा डोकं फोडत बसण्यापेक्षा दोन-तीन सोडवलेली उदाहरणं बारकाईने वाचणं जास्त फायद्याचं. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५मध्ये बीजगणितावर केलेल्या अभ्यासातही तेच दिसलं होतं. घात होतो तो पुढे, धडा जुना झाल्यावरही आपण वाचतच राहतो तेव्हा. दुसऱ्याने लिहिलेली ओळ समजणं आणि ती स्वतःला सुचणं यांत फार अंतर आहे. म्हणून उदाहरण वाचून झालं की पुस्तक मिट, कोऱ्या कागदावर ते पुन्हा सोडव आणि प्रत्येक ओळीला "का" विचार. √(१ + क्ष) − १ याला क्षने भागलंय आणि क्ष शून्याकडे जातोय, असं लिमिट घे. पुस्तक सांगतं, √(१ + क्ष) + १ ने गुणा आणि भागा. का? थेट क्ष = ० ठेवलं तर शून्य छेद शून्य येतं, म्हणजे अंशात कुठेतरी क्ष दडलाय आणि वर्गमूळ त्याला बाहेर येऊ देत नाही. गुणल्यावर अंशात नुसता क्ष उरतो, छेदातल्या क्षबरोबर जातो आणि उत्तर १/२ येतं. हे "का" कळलं तर घनमूळ आलं तरी तू घाबरणार नाहीस. युक्ती तीच आहे, फक्त सूत्र क्ष³ − य³चं लागतं.

अडलास तर किती वेळ झगडायचं? मी पंधरा-वीस मिनिटं म्हणते. त्यानंतर उत्तर उघड, पण एकच ओळ बघ आणि परत झाक. पूर्ण उत्तर वाचलंस तर ते गणित तुझ्या हातून गेलं. त्यावर खूण कर आणि तीन-चार दिवसांनी कोऱ्या कागदावर पुन्हा घे.

आता चुकांची वही. ९०च्या वर गेलेल्या माझ्या जवळजवळ सगळ्या विद्यार्थ्यांकडे ती कोणत्या ना कोणत्या रूपात होती. चूक झाली की बहुतेक जण बरोबर उत्तर सुबक अक्षरात उतरवून घेतात. त्याचा उपयोग नाही. वहीत तीन गोष्टी लिही: गणित थोडक्यात, मी नेमका कुठे चुकलो, आणि काय दिसायला हवं होतं. शिवाय चुकीची जात लिही. माझ्या हिशेबात तीन जाती आहेत. एक, सुचलंच नाही. दोन, रस्ता बरोबर होता पण मध्ये अडकलो. तीन, येत असून हात घसरला. तिघींवर औषध वेगळं आहे. पहिलीवर मिसळलेला सराव आणि "पहिली ओळ". दुसरीवर तो धडाच पुन्हा, कारण तिथे समज अर्धी आहे. आणि तिसरीला "निष्काळजीपणा" म्हणून सोडून देऊ नकोस, एवढं माझं ऐक. ७५वरून ९५ला जाताना सगळ्यात जास्त गुण इथेच सापडतात.

माझी एक विद्यार्थिनी होती. सगळे तिला धांदरट म्हणायचे, तीही तसंच मानायची. महिनाभर तिने प्रत्येक घसरलेला हात वहीत टिपला. तेव्हा दिसलं, निम्म्याहून जास्त चुका एकाच जागी होत होत्या: कंसाआधी उणे चिन्ह असलं की ती पहिल्या पदाचं चिन्ह बदलायची आणि दुसऱ्याचं विसरायची. धांदरटपणावर उपाय करता येत नाही, उणे चिन्हावर करता येतो. पुढे तिने नियम केला की कंसाआधी उणे आलं तर कंस सोडवण्याची ओळ वेगळी लिहायची, त्या ओळीत दुसरं काहीही करायचं नाही. तेवढ्याने तिच्या चुका झपाट्याने कमी झाल्या. तुझीही घसरण्याची दोन-तीनच ठिकाणं असणार. ती तुझी तुलाच सापडतील, दुसऱ्या कोणाला नाही.

सूत्रांबद्दल थोडक्यात. भिंतीवर तक्ता लावून रोज बघण्याने ती डोळ्यांच्या ओळखीची होतात, पण हाताला येत नाहीत. आठवड्यातून दोनदा कोऱ्या कागदावर, न बघता, एका धड्याची सगळी सूत्रं लिही आणि मग ताडून बघ. सगळीच पाठही करू नकोस. त्रिकोणमितीत साइन आणि कॉसची बेरजेची दोन सूत्रं पक्की असली की दुप्पट कोनाची, वजाबाकीची, गुणाकाराची बाकीची बरीच सूत्रं काही ओळींत काढता येतात. शंका आली तर ओळखीचा कोन घालून बघ. कॉस २अ बरोबर १ − २ साइन²अ, की १ + २ साइन²अ? अ = ९०° घे. डावीकडे कॉस १८०° म्हणजे −१, उजवीकडे पहिल्यात १ − २ = −१, दुसऱ्यात ३. दहा सेकंदांत निकाल लागतो.

हीच सवय उत्तर तपासायलाही लाव. इंटिग्रेशन केलंस तर उत्तराचं डेरिव्हेटिव्ह घेऊन मूळ पदावली परत येते का बघ. संभाव्यता १च्या वर गेली तर पुढे जाऊ नकोस. मालिकेच्या बेरजेचं सूत्र काढलंस तर त्यात पदांची संख्या १ आणि २ घालून बघ. लॉगचं समीकरण सुटलं की मुळं परत मूळ समीकरणात ठेव: पाया १० असताना लॉग क्ष + लॉग(क्ष − ३) = १ यातून क्ष² − ३क्ष − १० = ० येतं, मुळं ५ आणि −२. −२चा लॉग नसतो, म्हणून उत्तर फक्त ५. उत्तरपत्रिका तपासताना मी हे −२ तसंच ठेवलेलं कितीतरी वेळा पाहिलंय, वरचं सगळं अचूक असताना. हाताशी आलेला तो शेवटचा गुण कापताना मला हळहळ वाटते.

पूर्ण पेपर सोडवायला परीक्षेआधी आठ आठवडे सुरुवात कर, त्याआधी नको. पहिले दोन-तीन पेपर घड्याळाशिवाय, नंतर घड्याळ लावून, एका बैठकीत. हिशेब असा ठेव: १०० गुणांना १८० मिनिटं असतील आणि तपासायला २० राखून ठेवलीस, तर एका गुणामागे १ मिनिट ३६ सेकंद. चार गुणांच्या गणिताला साधारण साडेसहा मिनिटं. दहा मिनिटं झाली आणि वाट दिसत नसेल तर जागा सोड, पुढे जा, परत ये. पायऱ्यांना गुण असतील तर वापरलेलं सूत्र आणि बदललेला चल दोन्ही स्पष्ट लिही. अर्धवट गणितालाही मग काहीतरी मिळतं. पर्यायी प्रश्नांची परीक्षा असेल तर सोपी संख्या घालून चुकीचे पर्याय बाद करण्याचा सराव वेगळा करावा लागेल.

आणि पेपर झाल्यावर तो तपासण्यासाठी पेपराइतकाच वेळ दे. मुलं आठवड्याला चार पेपर सोडवतात आणि फक्त गुण मोजतात. त्यापेक्षा दोन सोडव, पण प्रत्येक गेलेला गुण तीनपैकी कोणत्या जातीच्या चुकीत गेला ते वहीत उतरव.

तुझ्या तीन तासांची वाटणी मी अशी करेन: पहिला तास चालू धडा, दुसरा डब्यातल्या चिठ्ठ्या, मग अर्धा तास चुकांच्या वहीतली जुनी गणितं पुन्हा कोऱ्या कागदावर. अडीच तास झाले की उठ. उरलेला अर्धा तास झोपेला दिलास तरी चालेल, दमलेल्या डोक्याचा हात जास्त घसरतो.

एका गोष्टीची आधीच कल्पना देते, नाहीतर तू दोन आठवड्यांत हे सोडून देशील. मिसळलेला सराव सुरू केलास की पहिले पंधरा-वीस दिवस तुला आत्तापेक्षा कमी येतंय असं वाटेल. दहातली पाचच सुटतील, वेळ जास्त लागेल, आणि धडावार स्वाध्यायाकडे परत जावंसं वाटेल. त्या प्रयोगातल्या मिसळवाल्यांनाही सराव करताना ६०च टक्के जमत होतं. महिनाभर तरी थांब. महिन्यानंतरही "सुचलंच नाही" या जातीच्या चुका तेवढ्याच राहिल्या, तर वहीतली त्या जातीची दहा गणितं मला लिहून पाठव. कोणती खूण तुला दिसत नाहीये ते आपण मिळून शोधू.